गाण्यातला भाऊ

भाईदास मास्तरांना त्यांचं तोंड आयुष्यभर नडलं. त्या दिवशी जळगावात, तोताराम शेठच्या छापखान्यातही तेच नडलं. कादंबरीच्या हस्तलिखिताचं एक पान पुढे धरून शेठनी सहज विचारलं होतं, हे मधलं गाणं कुणाचं? बायका म्हणतात, जुनं आहे, एवढं सांगून मास्तर गप्प बसले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण गप्प बसतील तर ते मास्तर कसले. छाती पुढे काढून ते म्हणाले, गाणं आमच्या गावच्या धुरपदाअक्काचं आहे, आणि ती पहिल्यांदा गायली तेव्हा मी तिथे होतो.

शेठनी पान खाली ठेवलं. माणूस रसिक होता, पण त्यांचं पोट चालायचं ते केळीवाल्यांच्या पावत्यांवर आणि लग्नपत्रिकांवर. वर्षाकाठी एखादं पुस्तक काढायचे ते निव्वळ हौसेपोटी. अशाच हौसेने त्यांनी मागे एक नाटक छापलं होतं. नाटककाराने कुणा शाहिराचं पद न विचारता त्यात घातलेलं, आणि तो शाहीर वकिलाची नोटीस घेऊन थेट छापखान्याच्या दारात उभा राहिला होता. तेव्हा हात चांगलेच पोळले होते. म्हणून शेठनी साफ सांगितलं, बाई हयात आहे ना, मग तिची लेखी परवानगी आणा. सही येत नसेल तर अंगठा चालेल. नाहीतर गाणं काढून टाका.

गाणं काढून टाका. शेठला काय, चार ओळी गेल्या तर तेवढाच कागद वाचला. पण मास्तरांची अख्खी कादंबरी त्या चार ओळींतून निघाली होती. धुळ्यात शाळेत पोरांची व्याकरणं तपासता तपासता ज्या एका आठवणीने त्यांना कधी सुखाने बसू दिलं नाही, ती त्या गाण्याची होती. एसटीच्या खिडकीशी बसून धुळ्याकडे परतताना पारोळ्याच्या पुढे ऊन कलायला लागलं आणि मास्तर मनाने पार पिंपळबारीत जाऊन पोचले.

पिंपळबारी म्हणजे पांझरेकाठचं त्यांचं गाव. धुरपदा शेजारच्या घरातली, त्यांच्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठी. तिला एकच भाऊ, वना. खानदेशात लेकीबाळींचा खरा सण म्हणजे आखाजी, अक्षय्य तृतीया. दिवाळीला नाही आलं माहेरी तरी चालेल, पण आखाजीला लेक आलीच पाहिजे, आणि तीही आपली आपण नाही. भावाने मुऱ्हाळी होऊन सासरी जायचं, नारळ-खण द्यायचा आणि बहिणीला गाडीत घालून आणायचं. जिचा मुऱ्हाळी आला नाही तिने सासरच्या अंगणात बसून दुसरीच्या बैलांच्या गळ्यातल्या घाट्या ऐकायच्या.

धुरपदाच्या लग्नानंतरची ती पहिलीच आखाजी. ऐन वेळी बैलाच्या पायात काटा मोडला आणि वनाला निघायला उशीर झाला. शेवटी आदल्या दिवशी त्याने अंधारातच गाडी जुंपली, आणि शेजारचा पोरगा रडून रडून मागे लागला म्हणून त्यालाही मागच्या बाजूला टाकलं. तो पोरगा म्हणजे आपले मास्तर. जाताना नि येताना सबंध वाट ते गाडीच्या मागे पाय सोडून बसले होते. दुसऱ्या दिवशी निंबाच्या झोक्यावर चढल्यावर मैत्रिणींनी धुरपदाला गाणं म्हण म्हटलं, तर तिने नेहमीचं सोडून भलतंच सुरू केलं:

*झोका मना जास वर, माले वाट दिखस वं,*
*वाटवर धूय उडनी, कोनी गाडी येस वं?*
*धवया-पवया जुपेल शेतस, घाट्या वाजतस वं,*
*गाडीवर कोन बठेल? मना वना भाऊ वं.*

झोका वर गेला की वाट दिसते, वाटेवर धूळ उडते, आणि धवया-पवया जुंपलेल्या गाडीवर कोण, तर माझा वना भाऊ. उशीर केला म्हणून भावाला टोमणा होता तो, पण टोमण्यात माया इतकी की ओट्यावर बसलेला वना लाजून घरात पळाला. पुढे साऱ्या गल्लीने ते गाणं उचललं. 'वना भाऊ'च्या जागी ज्या त्या बाईने आपापल्या भावाचं नाव घालायचं, अशी रीतच पडली. मास्तरांनीही तेच केलं होतं. त्यांच्या कादंबरीत नायिकेच्या भावाचं नाव माधव होतं, म्हणून त्यांनी तिथे 'माधव भाऊ' घातलं होतं. त्यात काही वावगं आहे असं त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

घरी आल्यावर मास्तरांनी वळणदार अक्षरात परवानगीचा कागद तयार केला. वर मजकूर, मध्ये गाण्याच्या चारही ओळी, खाली अंगठ्यासाठी मोकळी जागा. उन्हाळ्याची सुटी लागलेलीच होती. धुरपदाअक्काचं सासर सोनगीरपासून कोसभर आत, सकाळच्या गाडीने जायचं, अंगठा घ्यायचा आणि दुपारच्या गाडीने परत, असा त्यांचा बेत. त्यांची बायको कुंदाबाई म्हणाली, इतक्या वर्षांनी अक्काकडे चाललात ते काय हात हलवत जाणार? आणि तिने त्यांच्या पिशवीत एक नारळ आणि हिरवा चोळीचा खण घातला. बिचारीने भल्यासाठीच घातला. आखाजी चार दिवसांवर आली होती, हे मास्तरांच्या ध्यानात नव्हतं. कुंदाबाई नाशिककडची, तिच्याकडे हा सण एवढा नाही, म्हणून तिच्याही ध्यानात नव्हतं.

सोनगीरचा किल्ला मागे टाकून मास्तर उन्हातून चालत धुरपदाअक्काच्या दारात पोचले तेव्हा ओट्यावर तिची जाऊ सुगंधाबाई कुरडया उलथत होती. कुठले पाव्हणे म्हणून तिने विचारलं. पिंपळबारीचा, अक्काला भेटायला आलो, असं सांगत मास्तरांनी घाम पुसायचा रुमाल काढायला पिशवीत हात घातला, तर आधी नारळ बाहेर आला आणि त्याच्या मागोमाग खण. सुगंधाबाईने नारळ पाहिला, खण पाहिला, आणि हातातली कुरडई तशीच टाकून ती आत धावली.

"अक्का वं, तुना भाऊ लेवाले उना."

भाऊ न्यायला आला म्हटल्यावर, मास्तर काही बोलणार तोवर घरात एकच गडबड उडाली. कुणी पाय धुवायला पाणी आणलं, कुणी घोंगडी अंथरली. अक्काचा नवरा भावडू आबा वखारीतून उठून आला. माणूस मोजकंच बोलणारा, पण त्याने मास्तरांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मग धुरपदाअक्का बाहेर आली. केस पिकले होते, अंगाने वाळली होती, पण डोळे तेच होते, झोक्यावरचे. तिने नारळाकडे एकदा बघितलं, मास्तरांकडे एकदा, आणि पदर तोंडाशी धरून आत गेली.

पाणी पिताना सुगंधाबाईने हलक्या आवाजात सांगितलं ते ऐकून मास्तरांनी तांब्या खाली ठेवला. दोन आखाज्या झाल्या, अक्काला न्यायला कुणी आलं नव्हतं. तरी दर वर्षी सण जवळ आला की ही आपली लुगडी घडी करून गाठोडं बांधून ठेवायची, आणि सण गेला की कुणाला दिसू न देता सोडायची. कालच तिने ते पुन्हा बांधलं होतं.

तेवढ्यात अक्का ते गाठोडं घेऊन बाहेर आलीच. नवं लुगडं नेसली होती, कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. मास्तरांचा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे जायला निघाला होता, तो वाटेतच थांबला. मी न्यायला नाही, अंगठ्याला आलोय, हे त्या माणसांसमोर कसं म्हणायचं. व्याकरणाचे सगळे नियम तोंडपाठ असलेल्या मास्तरांना त्या वेळी एक वाक्य जुळलं नाही. आयुष्यभर नडलेलं तोंड त्या दिवशी पहिल्यांदाच वेळेवर बंद राहिलं, आणि ते बरंच झालं.

मुऱ्हाळी एसटीने आला याचं सासरी कुणाला नवल वाटलं नाही, शिकलेला माणूस, येणारच. पण बहीण बसने कशी पाठवायची? भावडू आबाने स्वतःची गाडी जुंपून दिली. सण झाल्यावर मी येईन आणि बायको नि बैल दोन्ही घेऊन जाईन, असं त्याने सांगितलं. मास्तरांनी कासरा हातात धरला तो कित्येक वर्षांनी. डोक्यावर काळी टोपी, अंगात कोट, काखेत छत्री आणि समोर दोन बैल. वेशीपर्यंत बैलांनीच त्यांना सांभाळून नेलं. मग हात हळूहळू आठवत गेला.

अक्का मागे गाठोड्याला टेकून बसली होती. वेस मागे पडली तशी ती बोलू लागली. आधी तिने गावातली एकेक विचारपूस केली. निंब आहे का अजून, पांझरेला पाणी किती, कौतिकभाऊचा गुडघा कसा आहे. कौतिकभाऊ म्हणजे मास्तरांचा थोरला भाऊ, गावी शेती बघायचा. वनाचं नाव तिने काढलं नाही. मास्तरांनी काढलं. वनाभाऊ का नाही आला, असं त्यांनी भाबडेपणाने विचारलं, कारण धुळ्यात बसून गावच्या गोष्टी त्यांना कुणी सांगत नसे.

अक्काने गाठोड्याची गाठ पुन्हा आवळली. मग तिने सांगितलं. बाप गेला त्याच्या थोडंच आधी सरकारचा नवा कायदा आला होता, लेकीलाही बापाच्या जमिनीत वाटा. हिने वाटा मागितला नव्हता, मागणार नव्हती, पण वनाला कुणीतरी भरवलं. तो तिच्याकडे आला तो आखाजीला नाही, भर पौषात, नारळ न घेता कागद घेऊन. हक्क सोडल्याचा कागद.

"मी अंगठा दिधा," अक्का म्हणाली. "माले वाटनं, आते भाऊ मोकया मनथीन येई. तो ते मना घरनी वाटच भूली गया."

शरमेने आला नसेल, असं मास्तर म्हणाले, आणि ते बहुधा खरंही होतं. पण शरमेने न आलेला भाऊ काय नि रागाने न आलेला काय, अंगणात बसलेल्या बहिणीला दोन्ही सारखेच. मास्तरांच्या खिशातला कागद आता छातीला टोचायला लागला होता.

दुपारी नदीकाठच्या आंब्याखाली त्यांनी गाडी सोडली. बैलांना पाणी दाखवलं, अक्काने भाकरी सोडली. वैशाखाच्या तोंडावरचं ऊन, त्यात गरम कोट. मास्तरांनी कोट काढून गाडीच्या जुवावर टाकला आणि खिशातला कागद घसरून अक्काच्या पुढ्यात पडला.

तिला अक्षर येत नव्हतं. पण वर मजकूर आणि खाली अंगठ्यापुरती मोकळी जागा, असा कागद तिने एकदा पाहिला होता. हातातला भाकरीचा तुकडा तिने फडक्यावर परत ठेवला.

"हाऊ बी कागद वनानाच शे का?"

तिने हे अगदी शांतपणे विचारलं. मग मात्र त्यांनी सगळं सांगून टाकलं. कादंबरी, शेठ, शाहिराची नोटीस, परवानगी. मी तुला न्यायला आलोच नव्हतो, हेही सांगितलं, मान खाली घालून. ती ऐकत राहिली. तिचं माहेर त्या आंब्याखाली दुसऱ्यांदा तुटत होतं आणि तोडणारे आपण आहोत, हे मास्तरांना कळत होतं. गाडी परत सोनगीरला वळव म्हणाली असती तर त्यांनी वळवली असती.

पण ती म्हणाली ते वेगळंच.

"गानाले बी कागद लागस?"

आणि मग तिने ते गाणं वाचून दाखवायला सांगितलं. इतक्या वर्षांपूर्वी झोक्यावर केलेल्या चार ओळी कुणीतरी शाईने लिहून ठेवल्यात, याचंच तिला अप्रूप वाटत होतं. मास्तरांनी वाचलं. पहिल्या ओळीला तिच्या चेहऱ्यावरची सुरकुती सैल झाली. तिसऱ्या ओळीला ती बैलांची नावं ऐकून हसली. चौथ्या ओळीला हसू मावळलं.

"हाऊ माधव कोन शे?"

मास्तरांनी समजावून सांगितलं. कादंबरीतली ताई, तिचा भाऊ माधव, गल्लीतल्या बायका नाही का आपापल्या भावांची नावं घालत. अक्काने सगळं ऐकून घेतलं. बायका गातात तेव्हा नाव वाऱ्यावर जातं, हे तर छापून राहणार, असं काहीसं ती पुटपुटली. मग म्हणाली, आता अंगठा नाही. आखाजीला झोक्यावर बसेन, तेव्हा काय ते सांगेन. आणि तिने अर्धी भाकरी मास्तरांपुढे सरकवली.

पिंपळबारीत गाडी शिरली ती उतरत्या उन्हात. वनाचं घर गल्लीच्या तोंडाशीच. वना ओट्यावर दोर वळत बसला होता. त्याने गाडी पाहिली, गाडीतली बहीण पाहिली, कासरा धरलेले मास्तर पाहिले, आणि दोराकडे मान घातली ती वर केली नाही. बैल आपणहून तिथे थबकले नाहीत, त्यांना ते घर ठाऊकच नव्हतं. मास्तरांनी गाडी पुढे कौतिकभाऊच्या दारात नेली. कौतिकभाऊच्या बायकोने, मंजुळाबाईने, काही न विचारता अक्काच्या पायावर पाणी घातलं आणि भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, माहेरवाशिणीवरून टाकतात तसा.

आखाजीच्या दिवशी गावात खापरावरच्या मांड्यांचा आणि आमरसाचा वास भरला होता. पूर्वजांच्या घागरी पुजून झाल्या, जेवणं झाली, आणि बायका-पोरी निंबाखाली जमल्या. निंब तोच होता. त्याला झोका बांधलेला पाहून मास्तरांना एकदम लहान झाल्यासारखं वाटलं. किती जणी त्या झोक्यावरून सासरी गेल्या, किती तर कायमच्याच गेल्या, पण पोरींची खिदळ तीच होती. पाराच्या कडेला बसून ते डोळे भरून बघत होते आणि त्यांना रडू येईल की काय असं वाटत होतं.

धुरपदाअक्का झोक्यावर बसली तेव्हा पोरी हसल्या, म्हातारीला झोका. पण जुन्या बायका हसल्या नाहीत. अक्काने पाय रेटला, झोका वर गेला आणि आवाज निघाला. आवाज चिरका झाला होता, मध्ये दम लागत होता. झोका मना जास वर, माले वाट दिखस वं. मास्तरांनी दोन्ही हात घट्ट धरले. धूय उडनी. धवया-पवया. आता शेवटची ओळ.

खरं सांगायचं तर मास्तरांच्या मनात त्या क्षणी एक लोभ होता. शेठ, परवानगी, कादंबरी सगळं ते विसरले होते. तिने आपलं नाव घ्यावं, 'मना भाईदास भाऊ' म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. उन्हातान्हातून गाडी हाकत कुणी आणली तिला? अक्का त्या ओळीशी आली आणि थांबली. झोका एकदा पुढे गेला, एकदा मागे आला.

"गाडीवर कोन बठेल? मना वना भाऊ वं."

गल्लीच्या तोंडाशी वनाच्या घराचं दार उघडं होतं. तिथून कुणी आलं नाही.

झोक्यावरून उतरल्यावर अक्का सरळ मास्तरांकडे आली आणि तिने कागद मागितला. शाई, टाक काही नव्हतं. आखाजीला बायका गौराई पुजतात, तिच्या पूजेची ताटली शेजारीच होती. तिने अंगठा ओल्या कुंकवात बुडवला आणि मास्तरांनी दाखवलेल्या जागी दाबला. मास्तरांनी चेहरा हसरा ठेवायचा प्रयत्न केला, पण तो त्यांना जमत नव्हता, आणि तिला माणसाचा चेहरा चांगला वाचता येत होता.

"गानामा त्यानं नाव ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "गाडीवर तू शेस."

मास्तरांनी मान हलवली. कुंकू वाळेपर्यंत कागद ते दोन्ही हातांत उघडा धरून राहिले.

जळगावात तोताराम शेठनी तो लाल अंगठा उजेडाला धरून पाहिला. ही परवानगी आहे की लग्नपत्रिका, असं म्हणून ते हसले, पण कागद नीट घडी घालून पेटीत ठेवला. खरी आफत पुढेच होती. गाण्यात वना आणि गोष्टीत माधव, हे कसं चालायचं? गाण्यातलं नाव बदलायचं नाही, असा शब्द मास्तरांनी दिलेला. मग गोष्टीतलंच बदललं. तोवर निम्म्या कादंबरीचे छपाईचे खिळे जुळवून झाले होते. मुख्य जुळारी नासीरभाई, शिशाच्या खिळ्यांनी बोटं काळी झालेला माणूस, त्याने कपाळाला हात लावला. मास्टरजी, पहले बता देते, एवढंच तो म्हणाला, आणि मग पानापानांतून माधव उपटून त्याच्या जागी वना बसवत गेला. एका ठिकाणी चुकून माधव राहिलाच. तो अजूनही त्या पुस्तकात आहे, आणि वाचणाऱ्याला हा कोण उपटसुंभ असं वाटतं.

पुस्तक हिवाळ्यात निघालं. जळगावात थोडं खपलं, धुळ्यात थोडं, बाकी शेठच्या माळ्यावर गेलं. मास्तरांनी एक प्रत सोनगीरकडे पाठवली. भावडू आबाने ती देव्हाऱ्यात ठेवली असं कळलं. एक प्रत त्यांनी कौतिकभाऊला दिली. कौतिकभाऊने ती मारुतीच्या पारावर मोठ्याने वाचायला घेतली, कारण गावातल्या कुणी पुस्तक लिहिलं असं पूर्वी झालं नव्हतं. रोज थोडं थोडं वाचायचे. गाण्याचं पान आलं त्या दिवशी वना पाराच्या टोकाला बसला होता, एवढंच पुढे मास्तरांच्या कानावर आलं. ते पान वाचून होताच तो उठून गेला होता.

पुढची आखाजी आली तेव्हा साऱ्या मुलखात नव्या महाराष्ट्र राज्याची धामधूम होती. शाळेत पताका कापायचं काम मास्तरांच्याच गळ्यात पडलं होतं. त्यांनी ते दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घातलं, रजा काढली आणि सोनगीरची एसटी धरली. या वेळी नारळ आणि खण त्यांनी स्वतः निवडून घेतला होता. खिशात कसलाही कागद नव्हता. वाटभर त्यांना आपण फार शहाणे आणि फार भले आहोत असं वाटत होतं, आणि ते वाटणं त्यांना आवडतही होतं. गाडीवर मी, असं ते मनातल्या मनात म्हणत चालले होते.

अंगणात एक गाडी आधीच सोडलेली होती.

पिंपळबारीची गाडी त्यांनी लांबूनच ओळखली. बैल चारा खात होते. ओट्यावर पाय धुऊन, घोंगडीवर अवघडून वना बसला होता. त्याच्यासमोर नारळ होता आणि खण होता. वनाने मास्तरांना पाहिलं, मास्तरांनी वनाला. मास्तरांचा नारळ धरलेला हात आपोआप मागे गेला.

वनाने पांढऱ्या मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "मास्तर, पुस्तकमा लिखेल शे, मी गाडीवर बठेल शे. मंग येनं पडनं."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं होतं, नाही असं नाही. पण त्यात एक थेंब दुसराही होता. वर्षभर जपलेली एक जागा त्यांच्या हातून गेली होती, आणि ती त्यांनीच, आपल्या हाताने लिहून, ज्याची त्याला परत केली होती. याहून चांगली परवानगी कुठल्या लेखकाला मिळाली असेल, हे त्यांना कळत होतं. तरी दुखायचं ते दुखलंच.

धुरपदाअक्का गाठोडं घेऊन बाहेर आली. रडून डोळे सुजले होते आणि तोंडभर हसू होतं. तिने मास्तरांचा मागे लपवलेला हात धरून पुढे ओढला, नारळ नि खण काढून घेतला आणि गाठोड्यात वनाच्या नारळाशेजारी ठेवून गाठ मारली. वनाने बैल जुंपले आणि तो पुढे जाऊन बसला. मास्तर तसेच अंगणात उभे होते, परतीची एसटी किती वाजता असेल याचा हिशोब करत.

"मांगे बठ," अक्का म्हणाली. "पाय खाले सोड."

मास्तरांनी टोपी सारखी केली, छत्री गाडीत टाकली आणि ते मागे चढून पाय सोडून बसले. गाडी हलली, घाट्या वाजू लागल्या आणि त्यांच्या पायांखालून सोनगीरची वाट धुळीसकट मागे मागे जाऊ लागली.